लांबची मोटरसायकल सफर पुढे ढकलायची वेळ आली तर

मार्च २०२० मध्ये माझी गाडी निघायच्या तयारीत उभी होती. पॅनियर (मागच्या दोन बाजूंच्या सामानपेट्या) लावलेले, टाकी भरलेली, टाकीवर बसवायच्या टँकबॅगच्या पारदर्शक कप्प्यात पहिल्या दिवसाचा नकाशा. निघायला अठरा दिवस उरले होते. ३० जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाच्या साथीमुळे आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, तेव्हा मी नव्या चेनचा ताण बघत होतो. ११ मार्चला त्याच संघटनेनं ‘महासाथ’ हा शब्द उच्चारला, तेव्हाही मी म्हणत होतो, ‘दोन-तीन आठवड्यांत निवळेल.’ गाडी तशीच सामानासकट साइड स्टँडवर सोडली आणि वर एक प्लास्टिकचं कव्हर टाकलं. अकरा महिन्यांनी कव्हर काढलं तेव्हा बॅटरी ९ व्होल्टवर आली होती, मागचा टायर जमिनीला बसला होता आणि एअर फिल्टरच्या खोक्यात उंदरानं माझ्याच लोकरी मोज्यांचं घरटं केलं होतं.

सफर हुकल्याचं वाईट वाटलंच. पण खिशाला जी कात्री लागली, ती सगळी त्या अकरा महिन्यांतल्या ‘बघू’ची होती. सफर पुढे ढकलणं हे स्वतंत्र काम आहे. त्याला क्रम आहे, मुदती आहेत आणि निम्मं काम पहिल्या आठवड्यातच करावं लागतं. पुन्हा कधी अशी वेळ आली तर मी काय करीन, ते त्याच क्रमानं लिहितो.

जायचं की थांबायचं

रायडरचा ठरलेला युक्तिवाद असतो: ‘मी एकटा, मोकळ्या हवेत, डोक्यावर हेल्मेट. मला कुणाकडून लागण होणार?’ गाडी चालू असेपर्यंत हे खरंही आहे. पण दिवसाचे आठ तास सोडले तर उरलेले सोळा तुम्ही पंपावर, खाणावळीत, लॉजच्या काउंटरवर आणि सीमेवरच्या रांगेत असता. लागण घेऊन येणारेही तुम्हीच ठरू शकता, आणि लांबच्या रस्त्यावरच्या गावात बहुतेक वेळा एकच लहानसा दवाखाना असतो.

त्याहून मोठा प्रश्न पडण्याचा. मोटरसायकलवर माणूस पडतो, हे आपण सगळे धरूनच चालतो. एरवी मोडलेलं हाड म्हणजे दोन दिवस इस्पितळ आणि सहा आठवडे प्लास्टर. साथीत त्याच हाडासाठी खाट मिळत नाही, भूल देणारा डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात अडकलेला असतो आणि तुम्हाला घरी न्यायला विमान नसतं.

तिसरी गोष्ट सीमांची. त्या किती झटक्यात बंद होतात, याचा अंदाज आपल्याला नव्हता. पेरूमध्ये १५ मार्च २०२० च्या संध्याकाळी घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री ११:५९ ला सीमा बंद. म्हणजे साधारण एक दिवसाची सवलत. डोंगरातून मोटरसायकलनं एका दिवसात किती अंतर कापता येतं, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज पडलो तर मला खाट मिळेल का? पुढची सीमा आज रात्री बंद झाली तर मी जिथे असेन तिथे दोन महिने राहू शकेन का? आणि मी ज्यांच्या दारात मुक्कामाला जाणार, त्यांना मी यायला हवा आहे का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर थांबा.

निर्णय केव्हा घ्यायचा, तेही आधीच ठरवा. ‘परिस्थिती बघून’ ही तारीख होत नाही. ज्या दिवसानंतर तुमचे सगळ्यात जास्त पैसे अडकतात, म्हणजे गाडी बोटीसाठी बंदरात द्यायची किंवा ती परत आणण्याच्या हमीची रक्कम भरायची, त्याच्या सात दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी संध्याकाळी हो किंवा नाही. रोज सकाळी बातम्या बघून मन बदलत राहण्यात माझे तीन आठवडे गेले आणि एकही काम झालं नाही.

पैसे: आधी गप्प बसा, मग लिहा

निर्णय झाला की हात शिवशिवतात आणि माणूस सगळी बुकिंग एका झटक्यात रद्द करून टाकतो. तसं करू नका. तिकीट तुम्ही रद्द केलं तर तुमच्या तिकिटाच्या अटी लागू होतात. विमान कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण परताव्याचा हक्क मिळतो. त्यामुळे उड्डाण रद्द होईल असं दिसत असेल, तर बदलाची शेवटची मुदत कळून घ्या आणि तिच्या आदल्या दिवसापर्यंत थांबा. परताव्याऐवजी कूपन देऊ केलं तर त्याची मुदत बघा. एक वर्षाचं कूपन साथीत फारसं कामाचं नाही, कारण साथ तुमच्या कूपनकडे बघून संपत नाही. ताजी आठवण म्हणून सांगतो: २०२० ची आणीबाणी जागतिक आरोग्य संघटनेनं मागे घेतली ती ५ मे २०२३ रोजी.

बोटीचं मात्र उलटं. तिथे जितकं लवकर कळवाल तितकं कमी नुकसान. गाडी बंदरात पोचेपर्यंत बदल सोपा असतो. ती एकदा कंटेनरमध्ये गेली आणि कागद तयार झाले, की दुसऱ्या टोकाला ती सोडवून घ्यायला तुम्हीच लागता, आणि तुम्ही पोचला नाहीत तर तिथलं गोदामभाडं रोज चढत राहतं. सीमा बंद व्हायच्या बेतात असताना गाडी पुढे पाठवून ‘मी मागून येतो’ म्हणणं हा या खेळातला सगळ्यात महागडा डाव आहे.

विम्याच्या पॉलिसीत ‘महासाथ’ हा शब्द कुठे कुठे आहे ते शोधून वाचा. बऱ्याच पॉलिसी महासाथ सरळ वगळतात. काही आजारपण भरून देतात, पण रद्द झालेली सफर देत नाहीत. आणि साथ एकदा सर्वांना माहीत झाली की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीवर तो दावा चालत नाही. सफर सुरूच झाली नसेल तर पॉलिसी रद्द करण्याऐवजी तारखा पुढे न्यायची विनंती करा. ती बऱ्याचदा मान्य होते.

हे सगळं लेखी ठेवा. फोनवर बोललात तरी लगेच दोन ओळींचा ईमेल टाका: ‘आज आपल्याशी बोलणं झालं, आपण अमुक सांगितलंत.’ वर्षभरानंतर फोन उचलणारा माणूस बदललेला असतो.

कागद: प्रत्येकाची मुदत वेगळी

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा. कागदाचं नाव, संपायची तारीख, वाढवून घ्यायची सोय. सफर एका वर्षानं पुढे गेली असं धरून यातले कोणते कागद तेव्हा जिवंत असतील, ते बघा.

पासपोर्ट: बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक मागतात. वर्षभर थांबल्यावर तेवढे उरत नसतील तर थांबलेल्या काळातच नवा काढा. व्हिसे आधीच्या पासपोर्टवर चिकटलेले असतील तर दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवावे लागतात.

व्हिसा: यात दोन मुदती असतात, किती तारखेपर्यंत शिरायचं आणि शिरल्यावर किती दिवस राहायचं. पहिली साथीत वाया जाते. नव्या व्हिशांसाठी घाईनं अर्ज करू नका. ते शेवटी काढायचे.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना: १९४९ च्या करारावरचा एक वर्ष चालतो, १९६८ च्या करारावरचा जास्तीत जास्त तीन वर्षं. मार्गावरचा देश कोणता मानतो ते बघून निघायच्या महिन्यात नवा काढा.

पीतज्वराच्या लसीचा पिवळा दाखला मात्र बिनघोर ठेवून द्या. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर ग्राह्य आहे. अजून घेतली नसेल तर दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो, एवढं लक्षात ठेवा.

आता कार्ने. गाडी परदेशात तात्पुरती नेऊन परत आणतो, या हमीचा हा दस्तऐवज. रायडर त्याला गाडीचा पासपोर्ट म्हणतात. तो सहसा एक वर्षाचा असतो आणि त्यासाठी मोटर क्लबकडे मोठी रक्कम किंवा बँकेची हमी ठेवावी लागते. अजून हातात घेतला नसेल तर घेऊ नका. अर्ज तयार ठेवून ‘सांगेन तेव्हा काढा’ असं क्लबला कळवा. घेतला असेल पण एकही पान वापरलं नसेल, तर न वापरलेला कार्ने परत करून हमी सोडवता येते. ही रक्कम वर्षभर अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही. मी ठेवली होती. कारण एवढंच, की तो जाडजूड कागद टेबलावर दिसला की सफर जिवंत आहे असं वाटायचं.

निम्म्या वाटेत असाल तर

हा भाग सगळ्यात किचकट आहे, म्हणून जरा थांबून वाचा. परदेशात असताना तुमच्याभोवती तीन मुदती चालू असतात आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. पहिली तुमच्या व्हिशाची. दुसरी गाडीला त्या देशात राहायला दिलेल्या परवानगीची. तिसरी कार्नेची. कार्ने वर्षभराचा असला तरी सीमेवरच्या कस्टम्सनं गाडीला तीनच महिने दिलेले असू शकतात. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कार्ने नसतोच, तिथे तात्पुरत्या आयातीचा साधा छापील कागद मिळतो आणि त्यावरची तारीख म्हणजे ब्रह्मवाक्य. युरोपच्या शेंगेन भागात माणसाला १८० दिवसांत ९० दिवस, गाडीचा हिशेब निराळा. २०२० मध्ये कित्येकांचा व्हिसा सरकारनं आपोआप वाढवला, त्यांनी गाडीचंही वाढलं असं धरलं आणि नंतर दंड भरला. माणूस वाढला की गाडी वाढत नाही. दोन्हीकडे वेगवेगळं विचारा.

मुदत संपायच्या आधी अर्ज, हा नियम कुठेही मोडू नका. कार्ने वाढवायचा असेल तर तो ज्या क्लबनं दिला त्यालाच लिहायचं, आणि मग ज्या देशात गाडी आहे तिथल्या कस्टम्सनं ती वाढ मान्य करायची. कार्यालयं बंद असतील तरी ईमेल पाठवा. पाठवल्याची तारीख हाच तुमचा पुरावा.

तुमच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, गाडीजवळ राहणं. राहायला जागा, औषधं आणि पैसे असतील तर ही वाटते तितकी वाईट नाही. दुसरी, गाडी घरी पाठवणं. विमानानं पाठवलीत तर ती संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या यूएन ३१६६ या क्रमांकाखाली धोकादायक मालात मोडते: टाकी जवळजवळ रिकामी, बॅटरीच्या वायरी सुट्या, लाकडी पेटी. साथीत विमानांची संख्या घटते आणि हवाई मालाचे दर चढतात, त्यामुळे आधी भाव घ्या, मग स्वप्न बघा. तिसरी, गाडी तिथे ठेवून आपण परत येणं. बहुतेक जण हीच निवडतात आणि इथेच चुकतात.

कारण काही देशांत गाडीची नोंद तुमच्या पासपोर्टवर किंवा तुमच्या नावावर संगणकात असते, आणि गाडीशिवाय बाहेर पडायला कस्टम्सची परवानगी लागते. विमानतळावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. काही ठिकाणी कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात गाडी ठेवली की तिच्या मुदतीची मोजणी थांबते. हे गोदाम महाग असतं, पण ओळखीच्या माणसाच्या गॅरेजपेक्षा कायद्याला ते जास्त पटतं. गॅरेजमध्येच ठेवायची असेल तर लेखी परवानगी हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. आणि गाडी तिथेच विकून मोकळं व्हायचा मोह होईल, तो आवरा. शुल्क भरल्याशिवाय विकलेली तात्पुरत्या आयातीची गाडी म्हणजे कायद्याच्या नजरेत तस्करी.

निघण्यापूर्वी गाडीचे फोटो काढा: चारही बाजू, किलोमीटरचा आकडा, चॅसिस नंबर, इंजिन नंबर. एक किल्ली सांभाळणाऱ्याकडे, एक तुमच्याकडे. त्याच्याकडे एक पत्र ठेवा, त्या देशाच्या भाषेत: गाडी कुणाची, कधीपर्यंत, आणि गरज पडली तर हलवायचा अधिकार कुणाला.

गाडी निजवणं

दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर गाडी नीट निजवा. एक दुपार लागते. नंतरचे दोन पगार वाचतात.

सुरुवात ऑइलपासून. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेलं आम्ल आणि पाणी असतं, ते बेअरिंगवर महिनोन्‌महिने बसून राहायला नको. गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणा, गरम असतानाच ऑइल काढा, नवं भरा, फिल्टर बदला. ‘निघताना बदलूच की’ असं म्हणून मी हे टाळलं होतं.

मग पेट्रोल. पेट्रोल शिळं होतं, हे लोकांना पटत नाही. त्यातले हलके घटक उडून जातात आणि मागे डिंकासारखा थर उरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पुरेसं झालं की ते पाणी इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. म्हणून पत्र्याची टाकी गळ्यापर्यंत भरा. रिकाम्या जागेत ओलसर हवा राहते आणि आतून गंज धरतो. भरतानाच स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं द्रव) टाका आणि मग दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, म्हणजे ते मिश्रण इंजेक्टरपर्यंत पोचेल. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप मरू द्या, नंतर कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. त्या वाटीतलं चमचाभर शिळं पेट्रोल पुढे पायलट जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) बुजवतं आणि आपण मेकॅनिकला सांगतो, ‘अचानक झालं.’

बॅटरी. शक्यतो काढून घरात ठेवा. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा. १२ च्या खाली आठवडे पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात आणि मग ती चार्ज ‘झाल्यासारखी’ दिसते, पण स्टार्टरला दम देत नाही. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीचाच चार्जर वापरा. सल्फेट झटकणारे जुने चार्जर तिला मारतात.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक लाकडाच्या ठोकळ्यावर उचला. ते शक्य नसेल तर टायरमध्ये कंपनीनं सांगितलेल्या वरच्या मर्यादेइतकी हवा भरा आणि दर दोन आठवड्यांनी गाडी वीतभर पुढे ढकला. चेन धुऊन, वाळवून तिला भरपूर ल्युब द्या. ल्युब मारताना मागच्या डिस्कवर वर्तमानपत्र धरा. एक फवारा चुकला तर ब्रेक पॅड गेले समजा.

उंदीर. सायलेन्सरचं तोंड आणि हवा ओढायची नळी तारेच्या जाळीनं बंद करा. मग एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ‘जाळी काढ’ असं लिहून तो किल्लीला बांधा. हसू नका, बांधा.

कव्हर सुती चादरीचं. प्लास्टिकखाली रात्री घाम धरतो आणि क्रोमवर पुळ्या उठतात.

आणि आता तो सल्ला, ज्यावर माझे सगळे मित्र माझ्याशी भांडतात: दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून बंद करू नका. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी बाहेर न जाता सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठतं, आणि स्टार्टरनं बॅटरीतून जेवढं घेतलं तेवढं परतही येत नाही. बाहेर पडायला परवानगी असेल तर अर्धा तास नीट चालवून आणा. नसेल तर तिला झोपू द्या.

सामान उतरवा

पॅनियर रिकामे करा. हे शरीरालाही जड जातं, मला माहीत आहे. पण गुंडाळून दाबलेली स्लीपिंग बॅग वर्षभरात आपली फूग हरवते; ती सैल पिशवीत टांगा. तंबू एकदा उलगडून कोरडा करा, शिवणीवरचा लेप चिकट झाला असेल तर तो आत्ताच दिसेल. फोन, कॅमेरा, इंटरकॉम यांच्या बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवा. चुलीचं इंधन घरात ठेवू नका. औषधांच्या पेटीतल्या तारखा लिहून काढा.

पंक्चर काढायच्या डबीतल्या सोल्युशनच्या ट्यूबकडे कुणी बघत नाही. ती न उघडताही सुकते. मी बघितलं तेव्हा माझी ट्यूब बाहेरून गुबगुबीत होती आणि दाबल्यावर आतून फक्त हवा आली. हे रस्त्यात कळलं असतं तर?

सोबती

जोडीनं किंवा गटानं निघणार होतात, तर सगळ्यांचा निर्णय एकाच दिवशी व्हायला हवा. एक जण हट्टानं निघाला आणि दुसरा मागे राहिला, की मैत्रीचा हिशेब पुढच्या सफरीपर्यंत पुरतो. एकत्र भरलेले पैसे ताबडतोब वाटून घ्या. आणि मोकळेपणानं विचारा: वर्षभरानं तू येणार आहेस का? रजा, घरातलं आजारपण, नोकरीची अनिश्चिती यामुळे उत्तर ‘माहीत नाही’ असू शकतं. ते आत्ता ऐकलेलं बरं, म्हणजे मार्ग एकट्याला झेपेल असा आखता येतो.

नोकरीवरची लांब रजा मागे घेताना ‘रद्द’ लिहू नका, ‘स्थगित’ लिहा. दुसऱ्या शब्दावर पुढच्या वर्षी बोलता येतं.

नवी तारीख

लोक पहिल्याच दिवशी नवी तारीख जाहीर करतात. मीही केली होती, दोनदा. आता मी तारखेऐवजी अटी लिहितो आणि त्या सगळ्या सलग दोन महिने टिकल्या तरच तारीख धरतो.

पहिली अट: मार्गावरच्या सगळ्या सीमा जमिनीवरून, परदेशी माणसाला आणि परदेशी गाडीला, दोन्ही दिशांनी खुल्या हव्यात. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. विमानतळ आधी उघडतात, रस्ते नंतर. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली सीमा मार्च २०२० मध्ये अनावश्यक प्रवासाला बंद झाली. कॅनडानं लस घेतलेल्या अमेरिकनांना ९ ऑगस्ट २०२१ पासून आत घेतलं. अमेरिकेनं आपलं दार उघडलं ८ नोव्हेंबरला. रस्ता तोच, पूल तोच, आणि दिशेनुसार तीन महिन्यांचा फरक. अझरबैजाननं तर मार्च २०२० मध्ये बंद केलेल्या जमिनीवरच्या सीमा जागतिक आणीबाणी उठल्यावरही प्रवाशांसाठी बंदच ठेवल्या. कॅस्पियन समुद्र ओलांडून मध्य आशियात शिरायचा जुना मार्ग आखून बसलेल्यांना नकाशा नव्यानं काढावा लागला.

थांबलेल्या काळात जग फक्त साथीपुरतं बदलत नाही, हेही ध्यानात घ्या. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि भारतातून आग्नेय आशियात जाणारा जमिनीवरचा दुवा तुटला. त्याच वर्षी किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांच्या सीमेवर चकमकी झाल्या आणि त्या दोन देशांना जोडणाऱ्या पामीर महामार्गाची ती वेस २०२५ पर्यंत बंद राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. जुना मार्ग फाइलमध्ये जपून ठेवा, पण निघताना तो पहिल्यापासून तपासा.

दुसरी अट: विलगीकरण शून्य दिवसांचं. तीस दिवसांच्या व्हिशातले चौदा दिवस एका खोलीत गेले तर उरलेल्या सोळांत तुम्ही देश बघत नाही, फक्त ओलांडता.

तिसरी: त्या आजाराचा उपचार आणि रुग्णाला घरी आणणं, दोन्ही भरून देणारी पॉलिसी मिळायला हवी. विमा कंपन्या धोका घ्यायला तयार नसतील तर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे, असं समजा.

चौथी: बोटीचा भाव हातात हवा. २०२१ मध्ये कंटेनरचे दर कित्येक पटींनी वाढले. जुन्या भावावर आखलेला खर्च कागदावरच राहिला.

आणि ऋतू. सफर तीन महिन्यांनी पुढे ढकलली, असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ती चुकीच्या ऋतूत ढकलत असतो. अलास्काच्या उत्तर टोकाहून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायापर्यंत जायचं असेल तर जून ते ऑगस्टमध्ये निघून डिसेंबर ते फेब्रुवारीत पॅटागोनियाचा उन्हाळा गाठायचा, हा हिशेब असतो. तीन महिने उशिरा निघालात तर सुरुवातीला बर्फ आणि शेवटी हिवाळ्याची चाहूल. ताजिकिस्तानातल्या पामीरचा अक-बैताल घाट ४,६५५ मीटरवर आहे. तो तुमच्या रजेसाठी थांबत नाही. म्हणून अशा सफरी वर्षाच्या पटीतच पुढे न्या. त्या वर्षात अस्वस्थता फार झाली, तर आपल्याच देशात, नियम परवानगी देतील तेव्हा, पूर्ण सामान लादून चार दिवसांची फेरी मारा.

जागी करणं

अटी टिकल्या, तारीख धरली. आता निघायच्या दोन महिने आधी गाडी उठवा, आदल्या आठवड्यात नाही. सुटे भाग मागवायला वेळ लागतो.

किल्लीचा पुठ्ठा वाचा आणि जाळी काढा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, शिळ्याचा वार्निशसारखा आंबूस येतो. तसा आला तर सगळं काढून नवं भरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि दोन वर्षांनी बदलायचंच असतं. गाडी एक मीटरही चालली नसली तरी ही मुदत संपते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सफरीसाठी घेतलेले ‘नवे’ टायर आता किती नवे आहेत, ते इथे कळतं. बाजूला बारीक भेगा असतील तर खोल नक्षी बघून फसू नका. पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या बोटात वाकवून बघा, ट्यूबचे व्हॉल्व्ह बघा, फोर्कच्या सीलवर ऑइलची रेघ आहे का बघा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि ढकलून बघा. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या असतील तर चाक फिरणार नाही. हे भिंतीसमोर उभ्या गाडीवर, इंजिन चालू करून शोधायचं नसतं.

मग स्वतःकडे वळा. वर्षभर न चालवलेला रायडर दहा मिनिटांत सवयीनं चालवायला लागतो, पण त्याचे डोळे आणि मान मागेच राहिलेली असतात. पहिल्या दिवशी रिकामी गाडी, मोकळं मैदान, संथ आठाचे आकडे आणि जोरदार ब्रेक. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण सामानासह दोन दिवसांत पाचशे किलोमीटर, मधे एक मुक्काम तंबूत. परत आल्यावर कॅरियरचा, पॅनियरच्या फ्रेमचा आणि स्प्रॉकेटचा प्रत्येक नटबोल्ट पान्यानं तपासा आणि जे सैल झालं असेल त्यावर रंगाची रेघ ओढा. माझ्या डाव्या पॅनियरच्या फ्रेमचा खालचा बोल्ट त्या फेरीत दोन वेळा सैल झाला. तिथे मी आता नायलॉनचा नट लावलाय, आणि एक जादा टँकबॅगच्या झिपच्या कप्प्यात टाकून ठेवलाय.